दुसरा कोस

राहुरीहून श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मारिया हिच्या यात्रेला यंदा चालत जायचं मी ठरवलं, तेव्हा आईने एकच अट घातली. शेजारच्या आजींना सोबत न्यायचं. आजींनी सत्तरी कधीच ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा, हातात जपमाळ. झालं, म्हटलं, नवस माझा आणि वेठ आजींची.

८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिन. त्यानंतरच्या शनिवार-रविवारी हरेगावला यात्रा भरते, १९४९ पासून. आमचा पंचवीसएक जणांचा जथा शुक्रवारी पहाटे निघाला. देवळाली प्रवरा येईपर्यंत बाकीचे उसाच्या फडांपलीकडे दिसेनासे झाले होते. मी आणि आजी मागे. दर फर्लांगावर आजी थांबायच्या, पाणी प्यायच्या, रस्त्यातल्या माणसाला 'कुठलं गाव?' विचारायच्या. मी घड्याळ बघायचो.

रात्री बेलापूरच्या अलीकडे एका शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम होता. पिठलं-भाकरी झाल्यावर जथ्यातल्या सिस्टरांनी बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला. 'जो कोणी तुला वेठीस धरून एक कोस नेईल, त्याच्याबरोबर दोन कोस जा.' सकाळपासून मनात घोळणारा 'वेठ' हा शब्द थेट शास्त्रातून अंगावर आला. सिस्टर म्हणाल्या, रोमन शिपाई वाटेतल्या कुणालाही धरून आपलं ओझं वाहायला लावत. तो पहिला कोस त्यांच्या हुकमाचा. दुसरा ज्याचा त्याचा. कुरेनेकर शिमोन रानातून येत होता आणि त्यालाही असंच वेठीस धरून येशूचा वधस्तंभ वाहायला लावलं. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच आहे म्हणे. शिमोनाला कुणी विचारलं नव्हतं, हे मी इतक्या वर्षांत कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

(रोमन मैल दीड किलोमीटरलाही कमीच भरतो, आपला कोस त्याच्या दुप्पट. मराठी भाषांतरकारांनी प्रभूची आज्ञा आपल्याला जरा जास्तच जड करून दिली आहे.)

शनिवारी मी ठरवून घड्याळ खिशात टाकलं. आजींची पिशवी घेतली. भलती जड होती, आत काय दगड भरलेत की काय! प्रवरेच्या पुलावर त्यांच्यामागे 'नमो मारिया' ही प्रार्थना म्हणायला लागलो. खरं सांगायचं तर त्यात भक्तीपेक्षा ऐटच जास्त होती. बघा, मी दुसरा कोस चालतोय, असं माझं मलाच सांगणं चाललं होतं. शिवाय उजव्या टाचेला फोड आला होता आणि तो मी कुणाला दाखवला नव्हता. आजी आता जास्तच वेळा थांबायला लागल्या. 'गुडघा लई दुखतोय रं,' म्हणायच्या आणि मैलाच्या दगडावर बसायच्या. मीही शेजारी टेकायचो. बरंच वाटायचं.

श्रीरामपूर मागे पडलं तशी रस्त्यावर गर्दी वाढली. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, टेम्पोत लाउडस्पीकर. हरेगावात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. आमच्या जथ्याने गाठलेली मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, केव्हाच संपली होती. मेणबत्त्यांच्या रांगेत उभं राहून मी आजींना म्हणालो, "चुकली मिस्सा. तुमच्या गुडघ्यानं फारच त्रास दिला ना?"

"माझ्या गुडघ्याला काय झालंय? मी तर यंदा एसटीनं येणार होते. तुझ्या आईनं हात धरून सांगितलं, आजी, पोरगं कधी एवढं चाललं नाही, जरा सोबत करा."

मी गप्प. त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली, आतून हळदीची पुडी आणि जुन्या लुगड्याची चिंधी काढली.

"बस खाली. काढ ती चप्पल."