माळावरची सायक्लोक्रॉस : एक शर्यत भरवण्याचा माझा अनुभव

कोल्हापुरात सायकल चालवणाऱ्यांना तोटा नाही. रविवारी पहाटे पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या चढाला लागलेले पाच-दहा जण हमखास दिसतात आणि त्यांतले बहुतेक एकमेकांना ओळखतात. मात्र लांब पल्ल्याच्या रस्त्यावर ज्याच्या पायांत जोर आहे तो पुढे निघून जातो आणि माझ्यासारखी, बँकेची नोकरी सांभाळून चाळिशीनंतर सायकलीवर बसलेली बाई बराच वेळ एकटीच पॅडल मारत राहते. सर्वांची गाठ पडते ती शेवटी मिसळीच्या टेबलावर. आमच्या गटाने सायक्लोक्रॉसची एक छोटी शर्यत भरवायचे ठरवले, तेव्हा मी आयोजनात उत्साहाने उतरले ती एवढ्याचसाठी, की या खेळात फेरा लहान असतो आणि पहिला व शेवटचा दोघेही पूर्ण वेळ एकाच माळावर असतात.

खेळ मूळचा फ्रान्समधला. तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली झाली, जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १९५० साली पॅरिसला झाली आणि स्त्रियांसाठी जागतिक अजिंक्यपद सुरू व्हायला मात्र २००० साल उजाडावे लागले. गवत, चिखल, वाळू, आडवा उतार (म्हणजे एका बाजूला कललेली वाट) अशा जमिनीवरून साधारण अडीच ते साडेतीन किलोमीटरचा फेरा पुन्हा पुन्हा मारायचा, वाटेत फळ्या आल्या की सायकलीवरून उतरून त्या ओलांडायच्या आणि जिथे चाक चालत नाही तिथे सायकल खांद्यावर घेऊन पळायचे, असे त्याचे स्वरूप आहे.

पहिला प्रश्न जमिनीचा होता. ज्यांनी पावसाळ्यात आमच्याकडच्या उसाच्या फडातून सायकल काढली आहे, त्यांना काळ्या मातीचा गुण वेगळा सांगायला नको; दोनशे पावलांत चाक आणि फोर्क यांच्यामध्ये चिखलाचा गोळा बसतो आणि चाक फिरायचेच थांबते. बेल्जियममधल्या मोठ्या शर्यतींत अशा वेळी खेळाडू ठरलेल्या जागी दुसरी, धुतलेली सायकल घेतो आणि मळलेली सायकल मदतनीस पुढच्या वेळेपर्यंत धुऊन ठेवतात. आमच्याकडे माणशी एकच सायकल, तीही कर्जाने घेतलेली, म्हणून काळी जमीन बाद झाली आणि पन्हाळ्याच्या बाजूचा एक मुरमाड, गवताळ माळ आम्ही नक्की केला. गणपती झाल्यावर पाऊस ओसरतो आणि गवत अजून ओले असते, तोच काळ आम्ही धरला. माळ ज्यांचा होता त्या काकांनी भाडे घेतले नाही, पण बजावले, "खेळा की, पण एक खुंटी जरी माळात ऱ्हायली तर म्हशीच्या पायात जाईल, तेवढं बघा."

मांडववाल्याकडून बांबूच्या खुंट्या मिळाल्या, बांधकाम करणाऱ्या एका सदस्याने सेंट्रिंगच्या फळ्या दिल्या. नियमाप्रमाणे फळीची उंची जास्तीत जास्त चाळीस सेंटिमीटर, वाट निदान तीन मीटर रुंद आणि सुरुवातीचा पट्टा त्याहून रुंद व सरळ ठेवायचा असतो, म्हणजे पहिल्या वळणावर सगळे एकमेकांवर आदळत नाहीत. आमच्या माळात दीड किलोमीटरचाच फेरा बसला. टायर तेहेतीस मिलिमीटरपेक्षा रुंद नसावा हा नियम आम्ही चर्चेविनाच सोडून दिला, कारण तो पाळला असता तर बहुतेकांच्या सायकली, ज्या एमटीबी म्हणजे डोंगरवाटांसाठीच्या जाड टायरच्या होत्या, घरीच राहिल्या असत्या.

खरा वाद झाला तो मागे पडलेल्यांवरून. मोठ्या शर्यतींत जो पहिल्याच्या फार मागे पडतो त्याला पंच बाहेर काढतात. आमच्यातले दोन-तीन वेगवान तरुण म्हणत होते की शर्यत म्हणायची तर हा नियमही हवा, नाहीतर वळणांवर गर्दी होईल. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण त्या नियमाने निम्मे लोक दहा-पंधरा मिनिटांत बघे झाले असते आणि बघेच व्हायचे तर खासबागेत कुस्ती काय वाईट, असे मी बैठकीत बोलून दाखवले. शेवटी कोणालाही काढायचे नाही, सर्वांनी चाळीस मिनिटे खेळायचे, फक्त मागून आवाज आला की वाट द्यायची, असे ठरले.

या एका निर्णयाने काय होईल याची आम्हाला पुरती कल्पना नव्हती. वेगवान मुलगा तुम्हाला ओलांडून जातो तेव्हा तो तुमच्याच मागून, तुमचे सायकल चालवणे पाहत आलेला असतो. आडव्या उतारावर माझे मागचे चाक खाली घसरत होते, त्याने "ताई, उजवीकडनं येतोय" असे म्हणून मला ओलांडले आणि जाता जाता ओरडला, "चढाकडचं पॅडल वर ठेवा, भार खालच्या पायावर द्या." पुढच्या फेरीत तसे केले तर टायर गवतात धरू लागला. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी सायकल कशी चालवते हे त्याने कधी पाहिलेच नव्हते, कारण रस्त्यावर तो नेहमी माझ्या पुढे असायचा. माझी स्वतःची चुरस एका निवृत्त सरांशी लागली होती. ते सपाटीवर पुढे जात, फळ्यांपाशी मी त्यांना गाठत असे. डावा पाय पॅडलवर ठेवून उजवा मागून फिरवायचा आणि पळत खाली उतरायचे, ही उतरण्याची रीत मी आधी संध्याकाळी माळावर घटवून घेतली होती, आणि सरांना मात्र थांबून उतरायची सवय होती. आमच्या शेवटून दुसऱ्या क्रमांकासाठी जेवढा ओरडा झाला तेवढा पहिल्या क्रमांकासाठी झाला नाही. बेल्जियममध्ये प्रेक्षक गुरांच्या घंटा वाजवतात, असे कोणीतरी काकांना सांगितले होते. त्यांनी बेंदराला बैलाच्या गळ्यात घालायची घुंगुरमाळ आणून फळ्यांशेजारी उभे राहून ती शेवटपर्यंत हलवली.

गावातली पोरे सकाळपासून वाट आखणाऱ्या टेपबाहेर उभी होती. "ताई, साध्या सायकलीवर चालतंय काय?" असे एकाने विचारले, "चालतंय की" म्हणून आम्ही मुख्य शर्यतीनंतर त्यांना वाट मोकळी करून दिली आणि आपापली हेल्मेटे त्यांच्या डोक्यावर बसवली. बिनगिअरची जड सायकल खांद्यावर टाकून तो मुलगा ज्या वेगाने चढ पळून गेला, ते पाहून आमचे तरुण काही क्षण बोलेचनात.

शेतीपंपाला थ्री-फेज वीज त्या आठवड्यात दुपारपर्यंतच होती, त्यामुळे आवरण्याची घाई उडाली. विहिरीच्या पाइपाखाली सायकली एकापाठोपाठ एक धुतल्या गेल्या, कोण कोणाची धूत आहे याचा हिशेब राहिला नाही. फक्त हबमध्ये आणि पॅडलच्या बेअरिंगवर थेट धार मारू नका, एवढे आमचा सायकल दुरुस्तीवाला सदस्य सगळ्यांना ओरडून सांगत होता. मग खुंट्या मोजल्या, तर एक कमी भरली. सगळे एका रांगेत उभे राहून गवत पायांनी चाचपत माळभर फिरलो आणि ती आडव्या उताराच्या तळाशी सापडली.

यंदा पोरांची शर्यत आधी ठेवायची आणि त्यांच्यासाठी हेल्मेटे वर्गणीतून घ्यायची असे ठरले आहे. मागे पडलेल्यांना बाहेर काढण्याचा विषय या वेळी बैठकीत कोणी काढलाच नाही. सर मात्र आता रोज संध्याकाळी माळावर पळत उतरण्याचा सराव करतात, आणि तो मला न सांगता करतात, हे मला काकांकडून कळले.