आठ अभंग आणि आमचं भजनी मंडळ

गेल्या मंगळवारी पावसामुळे सरावाला सातच जणी आल्या होत्या. गोदेचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या (आमच्या नाशिकची पूर मोजायची खूणच ती) कमरेला लागल्याची बातमी एकीनं आणली होती, त्यामुळे मन काही सरावात लागेना. म्हणून मी मोबाईल स्पीकरला जोडून एक अभंग लावला. संपला तेव्हा कुणी बोललंच नाही. मग पेटी वाजवणाऱ्या काकू म्हणाल्या, "ताई, तेवढी फाईल ग्रुपवर टाका ना."

ग्रुपवर आम्ही ६२ जणी आहोत. माझा अंगठा बाणाच्या खुणेवर गेलाही होता, पण मी थांबले.

ते आठ अभंग मी एका तरुण गायिकेच्या स्वतःच्या वेबसाईटवरून ४०० रुपयांना घेतले होते. पैसे भरल्यावर मेलवर लिंक आली, झिप फाईल उतरवून घेतली. मागे कुठली कंपनी नाही. पखवाजवाल्यापासून स्टुडिओच्या भाड्यापर्यंत सगळं तिनं पदरचं घालून केलंय.

थांबले त्याला आणखी एक कारण होतं. तीन वर्षांपूर्वी मी एका छोट्या दिवाळी अंकाची पीडीएफ विकत घेतली. आवडला म्हणून तीन मैत्रिणींना पाठवला. पंधरवड्यात तोच अंक माझ्या माहेरच्या ग्रुपवर फिरत आला. प्रत्येक पानाच्या तळाशी फिकट अक्षरांत माझा ईमेल पत्ता होता. मी संपादकांना फोन करून कबुली दिली. ते रागावले नाहीत. "पुढच्या वर्षी अंक काढता येईल असं वाटत नाही," एवढंच म्हणाले. ते अजून टोचतं.

काकूंना मी सांगितलं ते असं. आपलं नाशिकचं ‘सार्वजनिक वाचनालय’ १८४० पासून नाशिककरांना पुस्तकं देतंय. एकच प्रत शंभर हातांतून जाते आणि त्यात काही गैर नाही, कारण ती एका वेळी एकाकडेच असते. माझी सीडी मी तुम्हाला दिली, तर माझ्या कपाटात तेवढी जागा रिकामी होते. फाईल पाठवली की माझी माझ्याकडेच राहते आणि तुमच्याकडे दुसरी तयार होते. ती दुसरी प्रत काढायचा हक्क १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं हक्कदाराकडे ठेवलाय. आपल्या खाजगी वापरापुरती सवलत आहे, पण ६२ जणींना वाटणं त्यात बसत नाही. "आपण कुठे पैसे घेतोय?" म्हणून सुटका होत नाही.

मुलाकडे अ‍ॅपलचं फॅमिली शेअरिंग आहे, म्हणजे एकानं घेतलेलं घरच्यांनी वापरायची सोय; त्यात घरातले सहा जण बसतात. भजनी मंडळ कितीही जिव्हाळ्याचं असलं तरी त्यासाठी ते नाही.

त्याच रात्री मी गायिकेला मेल केला. सकाळी उत्तर हजर: "सरावाला खुशाल लावा. घरी ऐकायला हव्या असतील, तर मंडळातल्या बायकांना २५० रुपयांत देते." अकरा जणींनी घेतले. दोघींना जमण्यासारखं नव्हतं, त्यांच्यासाठी मी भरले. गायिकेचा मेल छापून मंडळाच्या वहीत चिकटवलाय.

मोकळ्या मनानं इतरांना देण्यासारखंही खूप आहे, पण ते आम्हाला माहीत नसतं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. शास्त्रीय गायक पंडित द. वि. पलुसकर नाशिकमध्ये जन्मले, १९५५ साली गेले. म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवरचा तो हक्क २०१५च्या अखेरपर्यंत संपला. गायले कधी यापेक्षा प्रकाशित कधी झालं हे पाहायचं, कारण रेडिओवरचं गाणं पुढे कितीतरी वर्षांनी बाजारात आलेलं असू शकतं. लेखनाला ६० वर्षं लेखकाच्या मृत्यूनंतर मोजतात. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, तेव्हा त्यांच्या कवितांचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे.

त्या जुन्या तबकड्यांवरचं पलुसकरांचं एक भजन मी शनिवारी ग्रुपवर टाकलं, अगदी निर्धास्तपणे. त्याखालीच काकूंचा निरोप आला: "अभंग घेतले. तिसरा पेटीवर बसवतेय. पट्टी काळी चारच आहे ना?"