तुम्ही विचारलंत म्हणून: राजाचा छाप नाही, मग नाणं चालायचं कसं?

माझ्याकडची अठराव्या शतकातली इंग्रजी टोकनं, म्हणजे सरकारनं नव्हे तर खाणवाल्यांनी-कारखानदारांनी काढलेली नाणी, पाहिली की लोक हटकून विचारतात, "यावर राजा नाही, म्हणजे ही खोटीच ना? लोक घ्यायचे तरी कशी?"

खोटी म्हणाल, तर तेव्हा राजाचा मुखवटा असलेलीच बरीचशी खोटी होती. १७७५ नंतर लंडनच्या टांकसाळीनं तांब्याची नाणी पाडणं थांबवलं. तांबं म्हणजे त्या मंडळींना कमीपणाचं काम. इकडे खाणी आणि कारखाने वाढत होते, मजुरी वाटायला मोड मिळेना. बाजारात फिरायच्या त्या चोरून पाडलेल्या, वजनाला हलक्या अर्ध्या पेन्या.

१७८७ मध्ये वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस तांबेखाणीच्या (फ्रान्सचा काही संबंध नाही!) कंपनीनं स्वतःचीच पेनी काढली. एका बाजूला ओकच्या पानांच्या वेढ्यात दाढीवाला ड्रुइड (प्राचीन केल्टिक लोकांचा पुरोहित), दुसऱ्या बाजूला धारकाला एक पेनी देण्याचं वचन, आणि कडेवर ती कुठे वटेल ते कोरलेलं: लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी. सगळी गंमत त्या कडेत आहे. राजाचं तांब्याचं नाणं असं कुणी परत घेईल याची हमी नव्हती. खाणवाल्यांची होती, शिवाय त्यांच्या पेनीत तांबंही जास्त. आपल्याकडे सुट्ट्यांऐवजी हातावर टेकवलेली गोळी दुकानदार परत घेत नाही, हा फरक.

त्याच वर्षी लोखंड कारखानदार जॉन विल्किन्सननं तर टोकनावर चक्क स्वतःचा चेहरा छापला. लोकांनी टिंगल केली असेल, पण मला हा माज आवडतो: चेहरा दिला की तोंड लपवता येत नाही. पुढे पुढे मात्र देणेकऱ्याचं नावच नसलेली टोकनंही निघाली, काही तर निव्वळ संग्राहकांसाठी. ती देखणी आहेत, पण वटवायला जायचं कुणाकडे?

१७९७ मध्ये सरकारनं तांब्याच्या पेनीचं काम बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनला दिलं. वाफेवर चालणाऱ्या त्याच्या सोहो टांकसाळीतून मुंबई इलाख्याचे तांब्याचे पैसे १७९१ मध्येच निघाले होते. त्यांवरही राजा नाही, ईस्ट इंडिया कंपनीचं बोधचिन्ह आणि तराजू. तरीही १८११ च्या सुमारास इंग्लंडात सुट्ट्या नाण्यांची पुन्हा ओरड झाली, टोकनं पुन्हा आली आणि शेवटी १८१७ च्या कायद्यानं ती बंद पाडली.