कवचभर देवी

कठीण कवचाच्या फळाचं एक रिकामं कवच, एक जाड सुई आणि उन्हाचा ताव ओसरलेला सप्टेंबर. तुर्कस्तानात देवीच्या रोगापासून बचाव म्हणून मुद्दाम सौम्य देवी टोचायला एवढं पुरे. तिथल्या इंग्रज राजदूताची बायको लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिने १ एप्रिल १७१७ च्या पत्रात ही सगळी कृती मैत्रिणीला लोणच्याच्या कृतीइतक्या बारकाईने कळवली आहे.

पंधरा-सोळा जण एकत्र जमत. म्हातारी कवचात देवीच्या फोडांतला पू घेऊन येई आणि कुठली शीर उघडू, असं विचारी. सुईने ओरखडा काढायचा, सुईच्या टोकावर राहील तेवढाच पू आत सोडायचा, वर कवचाचा पोकळ तुकडा ठेवून बांधायचं. अशा चार-पाच शिरा. मुलं दिवसभर खेळत. आठव्या दिवशी ताप, मग दोन, फार तर तीन दिवस अंथरूण. तोंडावर वीस-तीसहून जास्त फोड क्वचितच, आणि त्यांचे वण राहत नसत. हे वाक्य तिने उगाच लिहिलेलं नाही. भाऊ १७१३ मध्ये देवीने गेला, १७१५ मध्ये ती स्वतः वाचली, पण पापण्यांचे केस गेले ते गेलेच.

मार्च १७१८ मध्ये मुलगा एडवर्डला टोचलं. म्हातारीच्या गंजक्या सुईने पोर कळवळलं, तेव्हा डॉक्टर चार्ल्स मेटलंडनी दुसऱ्या हातावर आपलं पातं चालवलं. तान्ह्या मुलीला मात्र टोचलं नाही, कारण तिच्या दाईला देवी येऊन गेल्या नव्हत्या. खरी मेख इथे आहे: टोचलेल्याला सौम्य येतात, पण त्याच्यापासून दुसऱ्याला लागतात त्या पुऱ्या जोमाने. (आपल्या जुन्या पिढीच्या दंडावरचे वण वेगळे, ते नंतरच्या लशीचे, ती मुंबईत १८०२ मध्ये आली.)

मुलीला लंडनमध्ये १७२१ साली टोचलं. मग तिथल्या डॉक्टरांनी कृती ‘सुधारली’: खोल काप, भरपूर पू, आधी जुलाब आणि रक्त काढणं. धडधाकट माणूस टोचण्याआधीच अर्धा व्हायचा. मेरीने १७२२ मध्ये टोपणनावाने वर्तमानपत्रात त्यांना झोडपलं. एवढं होऊनही टोचलेल्यांत पन्नासात एखादाच दगावे. आपोआप आलेल्या देवीत सहा-सातांत एक.

मुलगी पुढे पंतप्रधान लॉर्ड ब्यूटची पत्नी झाली. एडवर्ड शाळेतून पळत राही. त्याला शोधण्यासाठी दिलेल्या जाहिरातीत ओळखीची खूण होती ती दोन्ही मनगटांच्या वरचे लहान गोल वण. आईने मृत्युपत्रात त्याला ठेवली एक गिनी.