दिवा आपापला आणा: ओकायामातल्या भाड्याच्या घरातला पहिला महिना

जपानातल्या कानसाई विमानतळावरून शिन-ओसाका, तिथून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासात ओकायामा आणि पुढे हाकुबी मार्गाच्या पॅसेंजरने डोंगरात. एवढं करून घराच्या दारात उभी राहिले तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. किल्ली फिरवली, बूट दारातच काढले, भिंत चाचपडून बटण दाबलं. अंधार. मोबाइलच्या उजेडात दारावरची फ्यूजची पेटी शोधली, खटका वर केला. न्हाणीघरातला दिवा लागला, संडासातला लागला, खोलीतला काही लागेना. वर पाहिलं तर खोलीत दिवाच नव्हता. छताला प्लास्टिकचं एक गोल सॉकेट, बस.

इथे रिकामं घर म्हणजे खरोखरच रिकामं. छताचा दिवा, पडदे, गॅसची शेगडी, फ्रिज, सगळं भाडेकरूने आणायचं आणि जाताना काढून न्यायचं. आपल्याकडे घरमालक निदान ट्यूबलाइट आणि पंखा तरी ठेवतो. त्या रात्री मी कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, आणलेले दोन ओनिगिरी (भाताचे गोळे) न्हाणीघराच्या दारात बसून खाल्ले. खिडकीला पडदा नसल्यामुळे पहाटे साडेपाचलाच उजेडाने उठवलं. म्हणून पहिला सल्ला: शक्य असेल तर सकाळी पोहोचा, आणि बॅगा टाकल्या की आधी दिवा आणि पडदे घ्या. दिव्याला मिस्त्री लागत नाही, त्या सॉकेटात अडकवून फिरवला की बसतो. पडद्यासाठी खिडकीचं माप घेऊन जा, अंदाजाने आणलेला माझा पडदा वीतभर तोकडा निघाला.

ओकायामा म्हटलं की पुणेकरांना सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आठवतं, इथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. मलाही या प्रांताची तेवढीच ओळख होती. नोकरी एका कंपनीमार्फत शाळेत सहायक इंग्रजी शिक्षकाची, इथल्या बोलीत एएलटी. शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे मार्चअखेरीला निम्मा जपान घर बदलत असतो. गॅसवाल्याची वेळ लवकर मिळत नाही, नगरपालिकेत रांग असते, जुन्या सामानाच्या दुकानातल्या चांगल्या वस्तू हातोहात जातात. निघण्यापूर्वीच कंपनीच्या माणसाला गॅस जोडणीची वेळ घ्यायला सांगा. वीज आणि पाणी फोनवर किंवा ऑनलाइन सुरू होतं, गॅस मात्र माणूस घरी येऊन, आपण समोर असताना, तपासूनच उघडून देतो. तोवर गरम पाणी नाही. माझे तीन दिवस गार पाण्याने गेले, आणि डोंगरातला मार्च म्हणजे काही पुण्यातला मार्च नव्हे.

शेगडीची गोष्ट तर सांगायलाच हवी. दोन बर्नरची, मधे मासे भाजायचा कप्पा असलेली, झकास शेगडी जुन्या बाजारात दोन हजार येनला मिळाली. गॅसवाला आला, त्याने शेगडी उलटी करून चिकटवलेला कागद वाचला आणि दोन्ही हातांची फुली केली. ती शेगडी शहरी नळाच्या गॅसची होती, माझ्या घरात सिलिंडरचा, म्हणजे एलपी. दोन्हींचा दाब आणि उष्णता वेगळी, एकीची दुसरीला चालत नाही, लावली तर धोका. घेताना कागदावर ‘एलपी’ आहे की ‘१२ए, १३ए’ हे बघा. ‘१२ए, १३ए’ म्हणजे शहरी गॅसची. रबरी नळीसुद्धा वेगळी असते, एलपीची नारिंगी. मी शेगडी परत केली, पण पैसे काही परत मिळाले नाहीत.

विजेचंही तसंच. इथे १०० व्होल्ट, त्यामुळे घरून हौसेने आणलेला मिक्सर नुसताच शोभेला आहे. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, ते निर्धास्त लावा, दोन चपट्या पिनांचा प्लग तेवढा लागतो. वाटणासाठी मी इथलाच छोटा मिक्सर घेतला. टोकियोहून निघालेला कोणी मित्र जुना मायक्रोवेव्ह फुकट देत असेल तर मागची पट्टी वाचून मगच हो म्हणा. पूर्व जपानात वीज ५० हर्ट्झची, पश्चिमेत ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन, आणि तो भेद आजतागायत मिटलेला नाही. पट्टीवर ५०/६० असेल तर उत्तम.

पैशांचं थोडक्यात. घर स्वतः घेत असाल तर अनामत, एजंटचं कमिशन, जामीन राहणाऱ्या कंपनीची फी, आगीचा विमा आणि कुठे कुठे ‘रेइकिन’, म्हणजे मालकाला दिलेली, कधीच परत न येणारी भेट, असं मिळून सुरुवातीला चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम सहज जाते. माझं घर कंपनीने ठरवलं होतं, तरी एप्रिलचा पगार मेअखेरीला मिळाला. मी तीन लाख येन आणले होते. दोन महिने पुरवले, पण मोजून मापून.

आता नावाचा घोळ, जो आपल्या लोकांचा खास आहे. पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. विमानतळावर मिळालेल्या रहिवासी कार्डावर तेच, सगळं लांबलचक. घरात राहायला आल्यापासून १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन त्या कार्डाच्या मागे पत्ता लिहून घ्यायचा असतो. तिथेच, पहिल्याच दिवशी, काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, नाव नेमकं कसं लिहायचं ते एकदाच ठरवा आणि कागदावर लिहून पाकिटात ठेवा. बँक, फोन, विमा, सगळीकडे तेच, त्याच क्रमाने. मी फोनसाठी वडिलांचं नाव गाळलं आणि बँकेत घातलं, ते निस्तरायला दोन शनिवार गेले. पत्रपेटीवरही नावाची चिठ्ठी चिकटवा. नाव नसेल तर टपाल परत जाऊ शकतं, आणि ‘माय नंबर’ची, म्हणजे इथल्या आधारसारख्या ओळख क्रमांकाची, सूचना टपालानेच येते.

शेजाऱ्यांकडे मात्र उशीर करू नका. नवीन आलेल्याने दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या घरी छोटी भेट घेऊन जायचं, अशी इथली रीत आहे. पाचशे-हजार येनचा टॉवेल किंवा बिस्किटांचा डबा पुरतो. मी बाकरवडी दिली. खालच्या आजींनी दुसऱ्या दिवशी विचारलं, ही बिअरबरोबर खायची का? मी म्हटलं, खाणारे खातात. त्याच भेटीत मी कुकरचंही सांगून टाकलं, की मोठ्याने शिट्टी होईल, घाबरू नका. भिंती पातळ असतात. हे आधी सांगितलं नसतं तर कोणीतरी गॅसकंपनीला फोन लावला असता. फोडणी देताना पंखा लावा आणि खिडकी उघडा. छतावरचा धुराचा गजर नुसता वाजत नाही, जपानीत बोलतो.

कचरा मला आजींनीच शिकवला. जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, डबे, कागद, प्रत्येकाचा वार वेगळा, पिशव्या गावाने ठरवलेल्या, आणि सकाळी आठच्या आत ठेवायच्या. मी रात्रीच ठेवून मोकळी झाले होते. सकाळी पाहिलं तर कावळ्यांनी पिशवी फाडून चहाचा चोथा रस्ताभर केलेला. आजी झाडू घेऊन उभ्या. रागावल्या नाहीत, नुसती जाळी कशी टाकायची ते दाखवलं, आणि संध्याकाळी बांबूचे कोवळे कोंब आणून दिले, सोबत कोंड्याची पुडी. तांदळाच्या कोंड्यात उकडल्याशिवाय तुरटपणा जात नाही. मी त्या कोंबांची ओल्या नारळाऐवजी डब्यातलं दूध घालून भाजी केली. बरी झाली, फार नाही.

गादीचंही ऐका. फुतोन रोज उचलून कपाटात ठेवा, आणि ऊन असेल तेव्हा बाल्कनीच्या कठड्यावर टाका. तशीच पडू दिली तर जूनच्या पावसात ताताम्यांवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, बुरशी येते. कपाटाची दारं अधूनमधून उघडी ठेवा.

मोठा भूकंप झाला की गॅसचं मीटर आपोआप बंद होतं. सगळं बंद करून, वास नाही ना ते बघून मीटरवरचं बटण दाबायचं आणि थोडा वेळ थांबायचं. बटण कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

आणि सामान लावण्याआधी प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक ओरखड्याचे फोटो काढा. सोडताना अनामतीचा हिशेब त्यावरूनच होतो. छताचा दिवा पुढच्या भाडेकरूसाठी तसाच ठेवायचा तर मालकाची परवानगी लागते. मी ती आत्ताच मागून ठेवली आहे.