वाळूवर जाण्याआधी हवा सोडा

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातल्या ब्रिस्बेनहून उत्तरेकडे साधारण तीन तास गाडी चालवली की रेनबो बीच नावाचे छोटे गाव लागते, आणि त्याच्या पुढे इन्स्किप पॉइंटच्या टोकाला डांबर संपते. समोरच्या खाडीपलीकडे दिसते ते गरी, जगातले सर्वांत मोठे वाळूचे बेट. अनेक वर्षे ते फ्रेझर आयलंड म्हणून ओळखले जात होते. १९९२ मध्ये त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला आणि २०२३ मध्ये तिथल्या मूळ बुचुला लोकांनी दिलेले नाव अधिकृतपणे परत आले. या बेटाच्या पूर्वेकडचा लांबच लांब किनारा हाच त्याचा हमरस्ता आहे. त्यावर ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा आहे, सीटबेल्ट आणि मद्यपानाचे सगळे नियम तिथेही तसेच लागू होतात, आणि अधूनमधून त्याच वाळूवर लहान विमानेही उतरतात, त्यामुळे गाडी चालवताना एक नजर आकाशाकडेही ठेवावी लागते.

आम्ही जुनी टोयोटा प्राडो घेऊन तिथे जातो हे कळल्यापासून, गाडीला काय काय बसवून घेतले, असे मला अनेकांनी विचारले आहे. वाळूवर निघालेल्या गाड्यांची छायाचित्रे पाहिली की असा प्रश्न पडणे स्वाभाविकच आहे, कारण त्यांत मोठाले टायर, उंच केलेले सस्पेन्शन, इंजिनाला उंचावरून हवा देणारा, हत्तीच्या सोंडेसारखा वर आलेला स्नॉर्कल आणि टपावर दिव्यांची रांग असा सगळा थाट असतो. माझे उत्तर ऐकून विचारणारा थोडा हिरमुसतो. वाळूसाठी आम्ही गाडीला जवळजवळ काहीच बसवले नाही, उलट तिच्यातून बरेच काही काढले, आणि त्यातली पहिली गोष्ट म्हणजे टायरमधली हवा.

हवा कमी केल्याने नेमके काय होते, हे ढोबळ हिशोबाने समजते. सामानासह आमची गाडी २,६०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे एका चाकावर ६५० किलो भार येतो. टायरमध्ये ३८ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे हवेच्या दाबाचे माप) हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.७ किलो दाब पडतो, म्हणून तेवढा भार पेलायला टायरचा साधारण २४० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. हवा निम्मी केली की टेकलेला भाग जवळजवळ दुप्पट होतो. टायर रुंद होतो असे पाहणाऱ्याला वाटते, कारण त्याच्या कडा खाली फुगलेल्या दिसतात, परंतु प्रत्यक्षात जमिनीला टेकलेला पट्टा वाढतो तो मुख्यतः लांबीला. असा लांब पट्टा वाळूवरून सरकत जातो, तर टणक टायर नांगरासारखा आत शिरून स्वतःपुढेच वाळूचा ढीग तयार करतो आणि इंजिनाची सगळी ताकद तो ढीग ढकलण्यात खर्ची पडते.

हे सगळे मला पहिल्या खेपेला वाचून माहीत होते, तरीही धीर झाला नाही. डांबर संपते तिथे मी गाडी बाजूला घेतली, व्हॉल्व्हच्या चार टोप्या काढून शर्टाच्या खिशात टाकल्या आणि हवा सोडायला सुरुवात केली. चांगल्याभल्या टायरमधून फुसफुसत हवा जाताना ऐकून इतके अपराधी वाटले की २८ पीएसआयवर मी हात आखडता घेतला. एवढे पुरे, असे नवऱ्यालाही वाटले. गाड्यांना बेटावर नेणाऱ्या सपाट बोटीकडे, म्हणजे बार्जकडे, जाणारा वाळूचा पट्टा हा तिथला सर्वांत बदनाम पट्टा आहे, कारण दिवसभर गाड्यांनी उकरून काढलेली ती कोरडी वाळू भुसभुशीत पिठासारखी झालेली असते. त्यावर जेमतेम शंभर मीटर गेलो असू, तेवढ्यात गाडी जड झाली आणि थांबली, आणि नेमक्या त्या क्षणी जे करू नये तेच मी केले: अॅक्सिलरेटर दाबला. चाके जागच्या जागी फिरली, चार खड्डे पडले आणि गाडीचे पोट वाळूवर टेकले.

मासे धरायला आलेले एक वयस्कर गृहस्थ चालत आमच्यापाशी आले. त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही, थेट मागच्या टायरशी उकिडवे बसून त्यावर अंगठा दाबला आणि हवा किती आहे, एवढेच विचारले. २८ हा आकडा ऐकल्यावर ते हसले नाहीत, पण मान मात्र हलली. मग आम्ही तिघांनी मिळून पोटाखालची आणि चाकांसमोरची वाळू फावड्याने काढली, चारही टायर १६ पर्यंत उतरवले, आणि ज्या चाकोरीतून आलो होतो तिच्यातूनच गाडी रिव्हर्स गिअरमध्ये हळूच मागे आली. ना दोर लागला, ना दुसरी गाडी.

तेव्हापासून आमचा नेम ठरलेला आहे. डांबर सोडण्यापूर्वी २०, वाळू फारच मऊ असली तर १८, आणि रुतलोच तर १६. त्याच्याही खाली उतरणे शक्य असते, पण १५ च्या खालच्या टायरने जोरात वळण घेतले तर त्याची कड रिमवरून निसटण्याची भीती असते, आणि ते काम वाळूत गुडघ्यावर बसून निस्तरण्यासारखे नसते. टायर तापला की त्यातला दाब वाढतो, हेही ध्यानात ठेवावे लागते: तीन तासांच्या प्रवासानंतर गेजवर दिसणारा आकडा हा गरम टायरचा असतो, त्यामुळे थोड्या वेळाने पुन्हा मोजलेले बरे. आणि गेज स्वतःचे असावे. पेट्रोल पंपावरच्या गेजवर माझा भरवसा नाही.

दुसरी काढायची गोष्ट म्हणजे वजन. सुरुवातीला आम्ही टपावरच्या कॅरिअरवर तंबू, खुर्च्या आणि पाण्याचे कॅन असे सगळे रचले होते. आता जड सामान खाली आणि दोन्ही अॅक्सलच्या मध्ये जाते, आणि टपावर फक्त केशरी प्लास्टिकच्या त्या खाचेदार पट्ट्या उरल्या आहेत, ज्या रुतलेल्या चाकापुढे घालतात. किनारा समुद्राकडे उतरता असतो आणि ओढ्यांनी जागोजागी कापलेला असतो, अशा ठिकाणी टपावरचे वजन गाडीला कलंडायला मदतच करते.

गाडीच्या आतली तयारी एका मिनिटाची आहे, मात्र ती वाळूवर पोचण्याआधी करायची असते. आमच्या प्राडोत चारही चाकांना कायमच शक्ती मिळते, तरी पुढच्या-मागच्या चाकांत ती शक्ती वाटणारा मधला डिफरेन्शियल बटण दाबून लॉक करावा लागतो, नाहीतर एकच चाक फिरत राहते आणि बाकीची तीन तमाशा बघतात. ज्या गाड्यांत दोन किंवा चार चाके असा पर्याय असतो, त्यांत तो आधीच बदलून घ्यायचा. घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मी मऊ वाळूत बंद करते, कारण चाक जरा फिरले की ती इंजिनाची ताकद कापते आणि वाळूत गती गेली की सगळेच गेले. भिजलेल्या घट्ट वाळूवर हाय रेंज, म्हणजे नेहमीचे गिअर, पुरते, मऊ चढावर लो रेंज, म्हणजे सावकाश पण जास्त ओढ देणारे गिअर, लागते. ब्रेक शक्यतो लावायचा नाही, गाडी आपोआप मंदावू द्यायची, आणि थांबायचे ते उताराकडे तोंड करून.

रुतल्यावर ओढून काढण्याच्या साहित्याबद्दल मात्र मी काटकसर करू नका असेच सांगेन. लांब दांड्याचे फावडे, त्या केशरी पट्ट्या आणि टायर पुन्हा भरायला एक दमदार कॉम्प्रेसर एवढे असले की बहुतेक वेळा दुसऱ्या गाडीची गरज पडत नाही. गरज पडलीच तर नायलॉनचा ताणला जाणारा पट्टा वापरतात, ज्याला इथे स्नॅच स्ट्रॅप म्हणतात. तो रबरासारखा ताणला जातो आणि साठवलेली ऊर्जा एका हिसक्यात परत करतो. तो पट्टा ट्रेलर जोडण्याच्या टो बॉलला कधीही अडकवू नये. टो बॉल सावकाश ओढण्यासाठी बनवलेला असतो, हिसका सोसण्यासाठी नव्हे, आणि तो तुटला की पट्ट्याच्या टोकाला लागलेला लोखंडी गोळा काचेतून आरपार जातो. ऑस्ट्रेलियात अशाने माणसे दगावली आहेत. गाडी वाहून नेताना बांधण्यासाठी कारखान्यातून खाली जोडलेल्या कड्याही या कामाच्या नाहीत. म्हणून पुढे आणि मागे, चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, पक्के जोडलेले आणि क्षमतेचा आकडा कोरलेले हुक आम्ही बसवून घेतले. गाडीवर आम्ही केलेला मोठा खर्च म्हणाल तर तेवढाच.

वेळेचे गणित भरती-ओहोटीवर चालते. ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास किनारा प्रवासाला योग्य असतो, आणि भरतीच्या आगेमागे दोन तास तिकडे फिरकायचे नाही. वेळापत्रक राज्य सरकार प्रसिद्ध करते, पण दुसऱ्या दिवशी तीच ओहोटी सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, त्यामुळे शनिवारी सोयीची असलेली वेळ रविवारी परतीच्या बार्जशी जुळेलच असे नाही. क्वीन्सलँडच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचा वाहन परवाना निघण्यापूर्वीच ऑनलाइन काढायचा असतो.

तुमच्यापैकी कोणी इकडे फिरायला येऊन भाड्याची गाडी वाळूवर न्यायच्या विचारात असेल, तर करारनामा आधी नीट वाचावा. बहुतेक साध्या भाड्याच्या गाड्यांना वाळूवर सक्त मनाई असते आणि तिथे काही झाल्यास विमाही हात वर करतो. मागे चारचाकी शक्तीचे चिन्ह असलेली पण पोटाला ठेंगणी शहरी एसयूव्हीही या बेटाच्या कामाची नाही, कारण आतल्या जंगलवाटांतील चाकोऱ्या इतक्या खोल असतात की तिचे पोट मधल्या उंचवट्यावर टेकून चाके हवेतच राहतात. अशांसाठी मार्गदर्शकासह जाणाऱ्या उंच बस असतात, त्यात कमीपणा काहीच नाही.

परत डांबरावर आल्यावर पहिले काम टायर भरण्याचे. मऊ टायर वेगाने पळवले तर त्यांच्या कडा वारंवार दुमडून तापतात आणि फाटतात. आमचा कॉम्प्रेसर एका टायरला पाचेक मिनिटे घेतो, तेवढ्यात मी चाकांच्या आतून निघणारी वाळू काडीने खरवडते आणि खिशातल्या चार टोप्या पुन्हा लावते. घरी पोचल्यावर बागेला पाणी देणारा फिरता फवारा गाडीखाली ठेवून अर्धा-अर्धा तास जागा बदलत चालू ठेवतो, कारण मीठ दिसत नाही अशा सांध्यांत जाऊन बसते. गाडी वाळली की चासीवर मेंढीच्या लोकरीपासून निघणाऱ्या लॅनोलिनचा फवारा मारतो, ब्रेक तेवढे झाकून. त्याचा ओशट वास दोन-तीन दिवस गॅरेजमध्ये राहतो, आणि गाडीखालून निथळलेली पांढरी वाळू मात्र पुढच्या पावसापर्यंत अंगणात तशीच पसरलेली असते.