आमची वाटचाल: जोतिबा-पन्हाळ्यापासून सारायेव्होपर्यंत

2006 साली ह्यांनी एक जुनी सुमो घेतली आणि कोल्हापूर, जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी अशा फेऱ्या सुरू केल्या. फोन मी घ्यायची, हिशेबाची वहीही माझ्याकडे. मग गोवा, हंपी, केरळ. 2012 पासून मोठ्या कंपन्यांच्या परदेशी सहलींत आमची माणसं कमिशनवर बसवून द्यायला लागलो. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं घडलं ते 2017 मध्ये, बोस्नियातल्या सारायेव्होत.

खरं तर तिथे जायचं ठरलं ते पैशांच्या गणितातून. निवृत्त शिक्षकांच्या एका ग्रुपला क्रोएशिया पाहायचा होता, आणि स्वतःची टूर काढायची आमची ही पहिलीच वेळ. दुब्रोव्हनिकची हॉटेलं परवडेनात. मोस्तारमार्गे सारायेव्होला दोन मुक्काम टाकले तर खर्च बसत होता. युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा शेंगेनचा मल्टिपल एंट्री व्हिसा असला की बोस्नियाचा वेगळा लागत नाही, हेही सोयीचं. पत्रकात मी लिहिलं, ‘सारायेव्हो, अर्धा दिवस. युद्धाच्या खुणा आणि थरारक बोगदा.’ हा बोगदा युद्धात वेढा पडलेला असताना शहरानं खणलेला.

तिथल्या एजंटनं पाठवलेल्या गाईड चाळिशीच्या आतल्या होत्या. आमची मंडळी पहिल्या दहा मिनिटांत त्यांना ताई म्हणायला लागली. बसमध्ये त्यांनी माझ्या हातातलं पत्रक पाहिलं. बोगद्याचा फोटो ओळखला आणि खालच्या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी त्यातून गेले तेव्हा बारा वर्षांची होते. गुडघ्यापर्यंत पाणी होतं. बाबांनी सांगितलं होतं, डोकं वर करू नकोस.” एवढंच. राग नव्हता, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आमच्या पत्रकात तो शब्द पुन्हा आला नाही.

वेढा म्हटलं की आम्हा कोल्हापूरकरांना सिद्दी जौहरचा वेढा आठवतो, 1660 चा. गड उंचावर, शत्रू खाली. सारायेव्होत हे सगळं उलटं आहे. शहर मिल्यात्स्का नदीकाठच्या खोलगट खोऱ्यात आणि भोवती डोंगर. बोस्नियन सर्ब सैन्याच्या तोफा त्या डोंगरांवर होत्या. हा वेढा चालला 5 एप्रिल 1992 ते 29 फेब्रुवारी 1996, म्हणजे 1,425 दिवस. वरून खालची प्रत्येक गल्ली दिसायची. ताईंनी आम्हाला संध्याकाळी पिवळ्या बुरुजावर नेलं, तिथून लाल कौलं, मिनार, चर्चचे मनोरे फार सुंदर दिसतात. सगळे फोटो काढत होते. ताई म्हणाल्या, “आता समजलं ना, त्यांना आम्ही किती स्पष्ट दिसत होतो?” मोबाईल आपोआप खाली आले.

ताई बिस्त्रिक भागात वाढल्या. तिथे लाल विटांची जुनी ब्रुअरी आहे. तिच्याखालच्या झऱ्याचं पाणी वेढ्यात शहराला मिळायचं. नळ कोरडे, वीज नाही. लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहायचे आणि तोफगोळे रांगांवरही पडायचे. ताई आणि त्यांचा भाऊ पाच-पाच लिटरचे कॅन वाहायचे. “रिकामा कॅन घेऊन धावता येतं, भरलेला घेऊन नाही,” असं त्या चालता चालता म्हणाल्या. आमच्यातल्या एका बाईंनी हातातली अर्धी बाटली ओतून द्यायला झाकण काढलं होतं, ते परत लावलं.

सरपणासाठी बागांतली झाडं गेली, मग फर्निचर, मग जुने बूट, शेवटी पुस्तकं. पुस्तकांचा विषय निघाला तो व्हियेच्नित्सासमोर. ही जुनी नगरपालिकेची इमारत, त्या वेळचं राष्ट्रीय ग्रंथालय. 25 ऑगस्ट 1992 च्या रात्री तिच्यावर आगीचे गोळे टाकले गेले. जळक्या पानांची राख गावभर उडत होती. ताईंनी अंगणात पडलेलं एक काळं पान उचललं, तर ते बोटांत चुरलं. इमारत 2014 मध्ये पुन्हा उघडली. आमच्या ग्रुपमध्ये चाळीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलेले एक सर होते. ते आत फार वेळ थांबले. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मी त्याला थांबवलं. वेळापत्रक मोडायची मला तोवर भीती वाटायची.

मार्काले बाजारात आज भाजी, मध, सुका मेवा मिळतो. 5 फेब्रुवारी 1994 ला इथे एका गोळ्यानं 68 माणसं गेली, पुढच्या वर्षी 28 ऑगस्टला पुन्हा 43. जिथे गोळे पडून माणसं मेली तिथल्या फरशीतले खळगे लाल रेझिननं भरले आहेत. त्यांना सारायेव्होचे गुलाब म्हणतात. ताई त्यांच्यावर पाय देत नाहीत, वळसा घालून जातात. आम्हीही तसंच चाललो. कुणी सांगितलं नव्हतं.

बोगद्यापाशी आमच्यातले एक निवृत्त सुभेदार बोलले. मराठा लाईट इन्फंट्रीचे. त्यांच्याच रेजिमेंटचे जनरल सतीश नंबियार 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या या भागातल्या फौजेचे पहिले सेनापती होते, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. ताईंनी मान डोलावली. म्हणाल्या, “निळ्या टोपीवाल्यांच्या विमानांनी आणलेला तांदूळ खाऊन आम्ही जगलो. आणि विमानतळ त्यांच्या ताब्यात होता म्हणून रात्री धावपट्टी ओलांडणाऱ्यांना तेच परत पाठवायचे. दोन्ही सांगा.” म्हणून तर धावपट्टीच्या खालून बोगदा खणावा लागला. शहराच्या बाजूचं दोब्रिन्या ते धावपट्टीपलीकडचं बुत्मिर, सुमारे 800 मीटर, रुंदी मीटरभर, उंची जेमतेम 1.6 मीटर. 1993 च्या उन्हाळ्यात दोन्ही टोकं जुळली. आज पाहता येतो तो त्याचा छोटासा तुकडा. सुभेदार वाकून आत गेले. बाहेर आल्यावर टोपी काढून ताईंसमोर उभे राहिले, पण त्यांना बोलता येईना.

त्या टूरमध्ये आम्हाला फायदा जवळपास झालाच नाही. घरी आल्यावर मात्र आम्ही दोघांनी बसून ठरवलं की आपला धंदा हाच, पण पद्धत बदलायची. ग्रुप बारा जणांचा. सारायेव्होला अर्धा दिवस नाही, तीन मुक्काम. ताईंच्या मानधनात घासाघीस नाही, पैसे टूर निघण्याआधी पोचतात. आणि निघण्यापूर्वी कोल्हापुरात एक बैठक. त्यात मी स्पष्ट सांगते, ‘तुमच्या घरचं कोण गेलं?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्यांना सांगायचं असेल ते त्या सांगतील. एक दिवस युद्धाबद्दल बोलल्या की लगेच दुसऱ्या दिवशी त्या त्यावर बोलत नाहीत. त्या दिवशी बाश्चार्शिया या जुन्या बाजारात जेझवा नावाच्या लांब दांड्याच्या भांड्यातली कॉफी, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, शाकाहारी मंडळींसाठी बटाट्याची क्रोंपिरुशा नि पालकाची झेल्यानित्सा, हे सारण भरून भाजलेले पापुद्र्याचे पदार्थ. 2018 पासून त्रेबेविच डोंगरावरचा रोपवेही पुन्हा सुरू झालाय. वर 1984 च्या हिवाळी ऑलिम्पिकची बॉबस्लेची घसरपट्टी आहे, तिच्यावर आता रंगीत चित्रं रंगवलीत. हा दिवस ठेवायचा सल्ला ताईंचाच. इथली माणसं नुसती मरत नव्हती, हे त्यांना दाखवायचं असतं. वेढा चालू असतानाच, 1995 मध्ये, तिथे चित्रपट महोत्सव सुरू झाला, हे त्या प्रत्येक वेळी सांगतात आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज चढतो.

2020 नं आम्हालाही झोपवलं. एका विमान कंपनीकडे पैसे अडकले. लोकांचे परतावे आम्ही माझे दागिने गहाण ठेवून दिले. त्या दिवसांत मी ताईंना म्हटलं, आता तुमचं वेढ्यातलं जगणं थोडं कळतंय. त्यांनी उलट विचारलं, “नळाला पाणी आहे? दिवे आहेत? खिडकीत उभी राहू शकतेस?” आहे म्हटलं. “मग नाही कळत,” त्या म्हणाल्या, आणि लगेच माझ्या सासूबाईंच्या खोकल्याची चौकशी केली.

2022 च्या मे महिन्यात नऊ जणांना घेऊन पुन्हा गेलो. 2024 च्या जानेवारीत ताई आमच्या घरी आल्या, दहा दिवस. पांढरा रस्सा त्यांना मानवला, तांबडा नाही. पन्हाळ्याला आमच्याच गाडीनं गेलो, ह्यांनी सुमोचे दिवस आठवत चालवली. अंबरखाना पाहताना ताई भिंतीला हात लावून लांबवर चालत गेल्या आणि इथलं धान्य किती माणसांना किती महिने पुरायचं ते विचारलं. मग अंधार बाव. विहीर शत्रूच्या नजरेला पडू नये, तिचं पाणी कुणी नासवू नये म्हणून वरती तीन मजली इमारत बांधलेली. हे सांगताच त्या आमच्याआधी पायऱ्या उतरून आत गेल्या. आम्ही वरच थांबलो. बऱ्याच वेळानं वर आल्या आणि म्हणाल्या, “पाण्याला छप्पर घातलंय. फार छान केलंय.”